संध्याकाळचा समुद्र आणि नाव नसलेलं पातेलं

ती घटना आजही डोक्यातून जात नाही, आणि आठवते ती नेमकी भांडी पुसून मांडणीत लावताना. हातात एखादं पातेलं येतं, मी ते तिरपं करून काठाखालचं नाव वाचते आणि पनवेलच्या त्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहते. माझ्या नोकरीत खून झाले, दरोडे झाले, खाडीत प्रेतं सापडली. त्यातलं एकही प्रकरण मला भांडी लावताना आठवत नाही.

मी तेव्हा पनवेलच्या एका पोलीस ठाण्यात सहायक पोलीस निरीक्षक होते. पुढे गुडघ्यांनी साथ सोडली म्हणून मुदतीआधीच निवृत्ती घेतली. कुणाचंही नाव इथे लिहिणार नाही. त्यातली माणसं याच भागात राहतात आणि अजून एकमेकांच्या समोर येतात.

दिवाळी तोंडावर होती. या दिवसांत ठाण्यात बसायला जागा नसते. फटाक्यांच्या स्टॉलवाल्यांची भांडणं, बंद घरांच्या घरफोड्या, त्यात कर्मचाऱ्यांचे रजेचे अर्ज. अशा गर्दीत पस्तिशीचं एक जोडपं माझ्यासमोर येऊन बसलं. दोघंही नोकरी करणारी, राहायला नवीन पनवेलमध्ये. बायकोने मोबाइल माझ्यापुढे सरकवला.

"मॅडम, हे चोरीला गेलंय."

फोटोत एक चित्र होतं. शाळेच्या वहीएवढं, लाकडी फळीवर रंगवलेलं, भोवती रुंद कोरीव चौकट. मला त्यात नारिंगी आणि जांभळ्या रंगाचे जाड ठिपके दिसले, बाकी काही नाही.

"काय आहे हे?"

"समुद्रकिनारा आहे. संध्याकाळचा. उरणच्या बाजूचा," ती म्हणाली. "इम्प्रेशनिस्ट म्हणतात या पद्धतीला. यात रेघा नसतात, रंगाचे फटकारे असतात. जवळून काही कळत नाही, जरा लांबून बघावं लागतं."

माझे हवालदार मागे उभे होते. ते म्हणाले, "मॅडम, मला इथून दोन होड्या दिसतायत."

मी फोन हातभर लांब धरला. होड्या होत्या. ओली वाळू होती, तिच्यावर आभाळाचा उजेड पडला होता. बरं होतं चित्र.

ते तिच्या वडिलांनी काढलेलं. गृहस्थ कारकून होते आणि सुट्टीच्या दिवशी किनाऱ्यावर बसून चित्रं काढायचे. मधुमेहाने त्यांची दृष्टी गेली होती, त्यामुळे आता दुसरं चित्र निघणार नव्हतं. बाजारात त्याला काय किंमत, असं विचारल्यावर ती म्हणाली, "काहीच नसेल." मग चोर ते कशाला नेईल, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. पडलाही. पण ठाण्यात प्रश्न पडला की त्याचं सोपं उत्तर आधी सापडतं. मी ठरवलं, चोराला चित्राचं काय, त्याने चौकट बघितली असेल.

घरात माणसं तीन. हे दोघं आणि नवऱ्याची आई. आई शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. सगळी कॉलनी त्यांना 'बाई' म्हणते, मीही तेच म्हणेन. सून ऑफिसच्या कामासाठी आठवडाभर पुण्याला गेली होती. परत आली तेव्हा भिंतीवर नुसता खिळा, आणि नवऱ्याच्या ते लक्षातही आलं नव्हतं. बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "मला काय माहीत? साफसफाईला मावशी होती."

मावशी म्हणजे घरची कामवाली. सुनेला लगेच ठाण्यात यायचं नव्हतं, पण नवरा चिडला होता. त्याने आईसमोरच सांगितलं, मी पोलिसांत जाणार. बाई पेपर वाचत राहिल्या.

आम्ही घरी जाऊन पंचनामा केला. दार-कुलूप शाबूत, बाकी सामान जागच्या जागी. बाईंचा जबाब घेतला. ताठ बसलेल्या, पांढरी साडी, प्रत्येक वाक्य पूर्ण. "माझा कुणावर संशय नाही. पण घरात बाहेरचं माणूस एकच येतं." असा जबाब देणारा साक्षीदार आम्हाला आवडतो. तो आरोप करत नाही, बोट दाखवतो.

मावशीची चौकशी करण्याआधीच खबर आली. हवालदारांची मासळी बाजारात ओळख होती. तिथल्या एका विक्रेतीने सांगितलं, ती मावशी रोज सकाळी उरणकडच्या बसने येते, डोक्यावर पाटी असते, पण पाटी रिकामी. माझ्या फळीखाली ठेवते आणि निघून जाते. दुपारी येऊन पाटी उचलते, वरून फडकं झाकते आणि परत गावाला.

"मावशी डबल गेम आहे, मॅडम," हवालदार म्हणाले. "गावात सांगते मासळी विकते, इथे भांडी घासते. फडक्याखाली काय नेत असेल, देव जाणे."

दिवसाउजेडी, महिला अंमलदाराला समोर बसवून मी तिला बोलावलं. पन्नाशीची, काटक, नऊवारी घट्ट खोचलेली, केसात अबोलीची वेणी. खुर्ची दिली तर काठावर बसली. ठाण्यात आलेल्या माणसाला आम्ही अरे-तुरेच करतो. मीही केलं.

"काय काम करतेस?"

"मावरं इकतंय."

"मासळी? कुठे?"

"पनवेलच्या बाजारान."

"आणि कॉलनीत काय करतेस?"

तिने नुसतं दाराकडे बघितलं.

"वॉचमनने सांगितलंय, चार घरची भांडी घासतेस. मग मासळी विकतेस कधी?"

तिने पदर तोंडावर धरला. मान खाली गेली ती वर येईना. मी पाटीचं विचारलं, फडक्याखाली काय असतं ते विचारलं. "काय नाय," म्हणाली. पुन्हा विचारलं, तर म्हणाली बर्फ असतो. पुन्हा विचारलं, तर म्हणाली कधी बोंबील असतात. तीन वेळा तीन उत्तरं. कपाळावर घाम. माझ्या हिशेबी प्रकरण संपलं होतं.

"चित्र कुठाय?"

"मना नाय म्हाईत, मॅडम. मी आत ज्या घरान भांडी घासतंय, तिथं फडकं मारतंय, इतकंच."

"ठीक. मग आम्ही घरी येतो. झडती घेऊ. नसेल तर सुटलीस."

तिचा चेहरा पार बदलला. खुर्चीवरून उठून ती टेबलापाशी आली. "घरी नको मॅडम. गावान जीप नको. काय ते हितंच करा. मारा पायजे तर, पन घरी नको."

"घरी काय आहे?"

"काय नाय. पन नको."

मग तिने महिला अंमलदाराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि सरळ आवाजात म्हणाली, "लिवा. मीच घेतलंय."

"आता कुठे आहे?"

"खाडीन टाकलं."

"का घेतलंस?"

ती पुन्हा म्हणाली, "खाडीन टाकलं." हवालदारांनी मात्र सुस्कारा टाकला. गुन्हा उघड, दिवाळीला घरी जायला मोकळे. पण पोलिसांसमोरच्या कबुलीला कोर्टात काडीची किंमत नसते, हे प्रशिक्षणाच्या पहिल्या महिन्यात शिकवतात. मुद्देमाल हवा. आणि घरी येऊ नका म्हणणाऱ्याच्या घरी मुद्देमाल असतो, हे नोकरीच्या पहिल्या वर्षात कळतं. मी दोन पंच घेतले आणि जीप काढायला सांगितली. तिला सोबत बसवलं. रस्ताभर ती पायाशी बसून होती. सीटवर बस म्हटलं तरी बसली नाही, बाहेरून कुणाला दिसू नये म्हणून.

गाव खाडीकाठचं, कोळीवाड्याचं. एके काळी घरटी होडी होती. बंदर आलं, भराव पडले, मासळी गेली. आता पुरुष बंदरावर कंत्राटी कामाला जातात. तिचा नवराही तिथेच कामाला होता. घरापुढच्या अंगणात प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. चार माणसं चहा पीत बसली होती. दारात एक तरुण मुलगी नवीन साडीत उभी होती. आमची जीप थांबली आणि चहा पिणारे हात जागच्या जागी राहिले.

मावशीच्या मुलीला बघायला आलेली ती माणसं. बोलणी बहुतेक पक्की झालेली. दिवाळीनंतर साखरपुडा करायचा, एवढं ठरवायला पाहुणे आले होते, आणि सकाळीच ठाण्यात बोलावल्यामुळे मुलीची आईच घरी नव्हती. हे मावशीने मला सांगितलं नव्हतं. मी तरी कुठे विचारलं होतं?

होणारी विहीण उठून पुढे आली. "काय झालंय? पोलीस कशाला?"

मी तोंड उघडायच्या आत आमच्यातल्या एकाने उत्तर दिलं. त्याच्या दृष्टीने ते साधं उत्तर होतं. "पनवेलला भांडी घासायला जातात ना या, त्या घरात चोरी झालीय."

विहिणीने मावशीकडे बघितलं. जीपमधून उतरताना तिचा पदर अडकला होता, ती तो सोडवत होती. वर बघत नव्हती.

"भांडी?" विहीण म्हणाली. "आमाला त सांगितलंत, बाजारान बसतंय."

जे या भागातले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. कोळीण बाजारात बसते तेव्हा ती मालकीण असते. भाव ती सांगते, घासाघीस करणाऱ्या साहेबालाही चारचौघांत गप्प करते. घरात तिचा शब्द चालतो तो त्या पाटीमुळे. दुसऱ्याच्या उष्ट्याला हात लावणं ही तिच्या गावात गरिबी समजली जात नाही, नामुष्की समजली जाते. म्हणून ही बाई रोज पहाटे रिकामी पाटी डोक्यावर घेऊन निघत होती आणि दुपारी झाकलेली रिकामी पाटी घेऊन परतत होती. फडक्याखाली काही नसायचं. पहिलं उत्तर तिने खरं दिलं होतं.

झडतीत काही सापडलं नाही. दोन खोल्या, एक कपाट, देव्हारा. पंचांच्या सह्या घेतल्या. बाहेर आले तेव्हा खुर्च्या रिकाम्या होत्या. एका कपातला चहा तसाच होता.

मावशीला त्या दिवशी अटक केली नाही. मुद्देमाल नव्हता, एवढंच कारण. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्या फ्लॅटवर गेले. बाईंच्या जबाबात काही राहिलं असेल तर घ्यावं, म्हणून. सुनेने चहा टाकला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून तिच्याशी बोलत होते.

बाईंचं स्वयंपाकघर म्हणजे वर्ग होता. भांडी उंचीप्रमाणे लावलेली, आणि प्रत्येक भांड्यावर नाव. आपल्याकडे घालतातच, पण इथे चमचासुद्धा सुटला नव्हता. बाईंच्या नवऱ्याचं नाव, सासऱ्यांचं नाव, मुलाच्या मुंजीची तारीख, वास्तुशांतीला कुणी काय दिलं ते. माझ्या आईच्याही घरी असंच होतं. बाईमाणूस बोलता बोलता ती नावं वाचते, त्यासाठी पोलीस असावं लागत नाही.

गॅसवर दूध तापत होतं. पातेलं नवं, चकचकीत, पत्रा पातळ. बुडाशी कागदी लेबलाचा डिंक अजून राहिलेला. त्यावर नाव नव्हतं.

"हे नवीन का?" मी विचारलं.

"आईंनी घेतलं असेल, मी पुण्याला होते तेव्हा," सून म्हणाली.

भांड्याच्या दुकानात पातेलं घेतलं की दुकानदार तिथेच मशीन लावून नाव घालून देतो. बाईंसारखी बाई नाव घातल्याशिवाय दुकानाची पायरी उतरणार नाही. बिननावाचं भांडं एकाच वाटेने घरात येतं. ते दारावर येतं. जुन्या साड्या, जुने कपडे घेऊन त्यावर स्टीलची भांडी देणारी भांडीवाली दिवाळीच्या साफसफाईच्या दिवसांत कॉलनी कॉलनीत फिरते. आणि तिच्याशी ज्यांनी सौदा केलाय त्यांना तिचं शेवटचं वाक्य माहीत असतं. मलाही माहीत होतं. माझ्याच दारात मी ते कितीदा ऐकलं असेल.

चहा न पिता मी खाली उतरले. वॉचमनला विचारलं.

"बर्तनवाली? हाँ मॅडम, आयी थी ना. हर दिवाली के पहले आती है. बाई ने ही ऊपर बुलाया था."

वर येऊन मी सुनेला म्हटलं, जरा खाली जाऊन या, हवालदार वॉचमनचा जबाब घेतायत, तो होईपर्यंत थांबा. ती गेली. बाई हॉलमध्ये त्या रिकाम्या खिळ्याच्या समोरच बसल्या होत्या. मी पातेलं आणून त्यांच्यासमोरच्या टीपॉयवर ठेवलं. दूध मी आधी दुसऱ्या भांड्यात ओतलं होतं, नासायला नको म्हणून.

"बाई, यावर नाव घालायचं राहिलं."

त्यांनी पातेल्याकडे बघितलं. ते उचलून काठाखाली बघितलं आणि परत ठेवलं. मी घाई केली नाही. चौकशीत बोलण्यापेक्षा गप्प बसणं जास्त उपयोगी पडतं.

"दोन साड्या दिल्या होत्या," त्या शेवटी म्हणाल्या. "एकीला जरीचा काठ होता. तरी ती म्हणाली, ताई, पातेल्याला कमी पडतंय, अजून एक काहीतरी टाका. मी इकडे तिकडे बघितलं. ते समोर होतं."

"सुनेच्या वडिलांनी काढलेलं चित्र."

"चित्र होतं का ते? मला नुसते डाग दिसायचे. मी रोज सकाळी त्यासमोर बसायचे आणि मला डाग दिसायचे. चौकट बरी होती, भांडीवालीने ती लगेच हातात घेतली."

"मग सुनेने विचारलं तेव्हा?"

"तोंडातून निघून गेलं. ती रडत होती. माझ्यासमोर ती कधी रडली नव्हती. एवढं असेल त्या डागांत, हे मला ठाऊक नव्हतं हो. मग कसं सांगू, पातेल्यावर दिलं म्हणून? तीस वर्षं शाळा चालवली मी."

"आणि मावशींना ठाण्यात नेलं तेव्हा?"

त्यांचा आवाज पहिल्यांदा बारीक झाला. "मला वाटलं, तुम्ही दोन प्रश्न विचारून सोडून द्याल."

मी पातेलं उचलून परत ओट्यावर ठेवलं. आम्ही दोन प्रश्नांवर थांबलो नव्हतो, आणि त्यात बाईंचा काही हात नव्हता. ते आमचं काम.

भांडीवाली रुळांपलीकडच्या वस्तीत सापडली. बिचारीने काही लपवलं नाही. "फ्रेम इकली. फळी हाय ना, घ्या की." फळी तिच्या चुलीशेजारी होती. गरम टोप उतरवून ठेवायला ती तिला बरी पडत होती. मी ती उचलली तेव्हा आभाळाच्या मधोमध, नारिंगी रंग जिथे सगळ्यात जाड होता तिथे, टोपाच्या बुडाचा काळपट गोल उमटला होता. होड्या वाचल्या होत्या. ठाण्यात आणून टेबलावर ठेवलं. येणारा-जाणारा दारातून बघायचा आणि म्हणायचा, "समुद्र आहे वाटतं. सूर्याला ग्रहण लागलंय काय?"

सून चित्र न्यायला आली. गोलावरून बोट फिरवत म्हणाली, "बाबा आता बोटांनीच बघतात. त्यांच्या बोटांना हे लागेल."

"मग त्यांना काय सांगाल?" मी विचारलं.

"ते आई सांगतील," ती म्हणाली. रागाने नाही. ठरवून.

कागदोपत्री प्रकरण मिटायला वेळ लागला नाही. गैरसमजातून दिलेली तक्रार, चोरी घडलीच नाही, तसा समरी अहवाल, म्हणजे प्रकरण बंद करायचा कागद, कोर्टात गेला. पण कोळीवाड्यात समरी अहवाल कोण वाचतो? तिथे जीप सगळ्यांनी पाहिली होती. मी मावशीला बोलावलं. या वेळी निरोप पाठवून, बाजारात, हवालदारांच्या ओळखीच्या विक्रेतीकडे. बाईंनाही यायला सांगितलं होतं.

बाई आल्या. मासळी बाजारात बहुधा पहिल्यांदाच. नाकाला पदर लावला नाही, एवढं मी बघितलं. हातात पिशवी होती, त्यात साडी असावी. त्यांनी ती पुढे केली. मावशीने हात पुढे केला नाही. साडी तशीच राहिली, दोघींच्या मध्ये.

"चुकलं माझं," बाई म्हणाल्या. फळीवरच्या पापलेटांकडे बघत.

मावशी म्हणाली, "बाई, तुमी मना हळूच सांगितला असता ना, त मीच सुनेला बोल्ले असते, माज्या हातून पडला, फुटला, भंगारान टाकला. चार शिव्या दिल्या असत्या तिनं, खाल्ल्या असत्या. पोलीस कशाला पायजे व्हते?"

शेजारची विक्रेती कोयता थांबवून ऐकत होती. ती म्हणाली, "अगं, त्यांना येवडी अक्कल असती त मुख्याध्यापक झाल्या नसत्या." कुणी हसलं नाही. ती पुन्हा सुरमई कापायला लागली.

मी मावशीला म्हटलं, "मी गावात येते. गणवेशात येते, दिवसा. सगळ्यांसमोर सांगते की तुम्ही चोरी केलेली नाही." तोवर मी अरे-तुरे सोडलं होतं. कधी सोडलं, ते मला सांगता येणार नाही.

ती माझ्याकडे बघत राहिली. "काय सांगाल, मॅडम? चोर नाय म्हनून सांगाल. भांडी घासत नाय म्हनून सांगाल काय?"

गेले नाही मी गावात. तीच म्हणाली, येऊ नका, जीपचा आवाज पुन्हा नको.

मुलीकडे आलेल्या माणसांनी निरोप धाडला होता, दिवाळीनंतर बघू. दिवाळी गेली, कुणी आलं नाही. चोरीचा संशय फिटला होता, तसं त्यांना कळलंही होतं. आमच्या त्या कर्मचाऱ्याला मी बोलले, चांगलं सुनावलं. पण त्याने खोटं काय सांगितलं होतं? आणि त्याच्या पुढे उभं राहून विहिणीला उत्तर द्यायची जबाबदारी कुणाची होती? माझी. मी तोंड उघडेपर्यंत तो बोलून मोकळा झाला, ही सबब मी स्वतःलाही फार दिवस देऊ शकले नाही.

नव्या भरतीच्या मुलींसमोर बोलायला मला कधी कधी बोलावतात. तपासाचं एखादं सूत्र सांगा म्हणतात. मी त्यांना हे प्रकरण सांगते. गुन्हा केलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर आणि लाज वाटलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर एकच गोष्ट दिसते. मान खाली, घाम, दर वेळी वेगळं उत्तर. आणि या दोघांत फरक करायला प्रशिक्षणात शिकवत नाहीत. बाईंची मान एकदाही खाली गेली नव्हती, जबाब एका दमात दिला होता. लोभापायी खोटं बोलणारी माणसं मी बरीच पाहिली. लाजेपायी बोलणारी त्याहून जास्त पाहिली. त्यातली कित्येक, न केलेल्या गुन्ह्यावर सही करायला तयार होतात, फक्त घरी जीप येऊ नये म्हणून. म्हणून मुलींना सांगते, कबुली मिळाली की खूश होऊ नका. माणूस नेमकं काय वाचवायला कबूल होतोय, ते आधी विचारा.

मुली हे लिहून घेतात. मला मात्र ते सांगून झाल्यावर बरं वाटत नाही.

मागच्या महिन्यात खारघरला बेलपाड्याच्या बाजूला बहिणीकडे गेले होते. तळमजल्यावर लिफ्टमध्ये शिरले तर वर जायला निघालेली मावशी आत. केसात तशीच अबोलीची वेणी. डोक्यावर पाटी नव्हती, हातातही नव्हती. नुसती कापडी पिशवी. तिच्या गावाला आता ठाऊकच होतं, मग पाटी कशाला वाहायची?

"मॅडम, बऱ्या हाव ना?" तिने विचारलं. अगदी सहज. मुलीचं लग्न दुसरीकडे झालं, नातू झाला, म्हणाली. मी कितव्या मजल्यावर जाणार ते विचारून तिनेच बटण दाबलं.

मी हो म्हटलं, बरं म्हटलं, छान म्हटलं. तिच्या सगळ्या बोलण्याला तीन शब्द. आणि सगळा वेळ लिफ्टच्या जमिनीकडे बघत होते. वर कोपऱ्यात कॅमेरा होता, सवयीने तो मला आत शिरतानाच दिसला होता. त्यात ते सगळं टिपलं गेलं असणार. दोन बाया, एक मान वर करून बोलणारी, दुसरी खाली घातलेली, पदराने कपाळ पुसणारी. ते चित्रण कुणी माझ्यापुढे ठेवलं असतं आणि यातली संशयित कोण असं विचारलं असतं, तर मी एका क्षणात बोट ठेवलं असतं.

आणि या प्रकरणात ते पहिल्यांदाच बरोबर ठरलं असतं.